स्टॅम्प पेपरवरची फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे

लग्न मोडले की दोन्हीकडचे पाहुणे बसतात. भांड्याकुंड्यांचा, दागिन्यांचा हिशोब होतो आणि 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही' असे स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का घेतला जातो. शिरूर-दौंडच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात हे चालते. पण त्या कागदाने लग्न कायद्याने संपत नाही.

बौद्धांच्या लग्नाला हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. कलम २ मध्ये बौद्ध, जैन, शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. (लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झाले असेल तर घटस्फोटही त्याच कायद्याने.) 'हिंदू' या नावाखाली आपल्याला मोजणे अनेकांना खटकते, आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी रास्तच आहे. तोवर मात्र हाच कायदा हातात आहे. शिवाय त्यातला घटस्फोटाचा हक्क हिंदू कोड बिलातूनच आलेला आहे. ते बिल रखडले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते.

पंचमंडळी कलम २९ कडे बोट दाखवतात, कारण रूढीने मिळणारा घटस्फोट त्यात शाबूत ठेवला आहे. पण यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला (२००२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी रूढी हा कायद्याला अपवाद आहे आणि ती कोर्टात मांडून सिद्ध करावी लागते. आता १९५६ ला जातीच्या रूढी सोडलेल्या समाजाने कोणत्या जातीची रूढी सिद्ध करायची? माझ्या मते हा बचाव आपल्या हातून आपणच सोडला आहे, आणि ते चांगलेच झाले.

हा कागद बाईला दुहेरी मारतो. त्याच्या भरवशावर कोणीही दुसरे लग्न केले तर ते कलम ११ नुसार रद्दबातल ठरते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे पोटगीचा अर्ज केला की नवरा तोच कागद पुढे करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे (जुने कलम १२५) परस्पर संमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगी मागू शकत नाही. म्हणजे घटस्फोटही झाला नाही आणि पोटगीही अडली. कोर्टातून संमतीने घटस्फोट घेतलेली स्त्री मात्र पुनर्विवाह करेपर्यंत पोटगी मागू शकते, जर तिने तो हक्क तडजोडीत सोडलेला नसेल. म्हणून तडजोडीचा मसुदा वाचल्याशिवाय सही करू नये.

दोघेही राजी असतील तर कलम १३ब चा रस्ता सोपा. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले हवे. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ही मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. एकतर्फी अर्जासाठी क्रूरता, दोन वर्षे टाकून देणे अशी कारणे शाबीत करावी लागतात.

घटस्फोटाचा अर्ज लग्न झाले तिथे, दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे किंवा समोरची व्यक्ती राहते तिथे करता येतो. २००३ पासून पत्नी स्वतः राहते तिथेही करू शकते. त्यामुळे दौंडला दिलेल्या शिरूरच्या मुलीला माहेरच्या पत्त्यावरून दाद मागता येते. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचे अर्ज तर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच चालतात. त्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. माहेरून आलेले आणि तिला भेट मिळालेले दागिने-भांडी हे स्त्रीधन तिचेच. त्याची यादी आणि फोटो आधीच जवळ ठेवावेत.

'माझा पगारच नाही' हे उत्तर आता सहज चालत नाही. रजनीश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. नवरा रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे असला तरी पीएफची नोंद, बँक खाते मागवण्याची विनंती करता येते. रेल्वे किंवा राज्य राखीव दलात असेल तर पगार सिद्ध करणे आणखी सोपे. पोटगी थकली तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकावा. मुदत गेली की त्या कलमाखाली वसुलीचा रस्ता बंद होतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. सोबत लग्नाचा दाखला न्यावा. तो नसेल तर विहारातले फोटो, पत्रिका आणि लग्न लावणाऱ्या भंतेजी किंवा बौद्धाचार्यांची साक्ष उपयोगी पडते. हुकूमनामा हातात आल्यावर अपिलाची मुदत, म्हणजे ९० दिवस, संपल्याशिवाय दुसरी सोयरीक ठरवू नये.