राणीच्या बागेतला जोडलेला हत्ती

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईतलं मूल पहिल्यांदा वाघ बघतं ते बहुधा राणीच्या बागेत. भायखळ्याच्या या बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ ही पाटी गेली, तरी लोकांच्या तोंडची ‘राणी’ मात्र हलली नाही.

बागेची सुरुवात प्राण्यांपासून नव्हे, झाडांपासून झाली. १८६२ साली लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती खुली झाली, तेव्हा ती शेती-बागायतीला वाहिलेल्या एका संस्थेची वनस्पतीबाग होती. १८७३मध्ये ती नगरपालिकेकडे आली. आफ्रिकेतली गोरखचिंच आजही तिथं उभी आहे.

बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या भागातली निम्मी घरं या बागेत असतात. अशाच एका बासी ईदला मी पाच वर्षांच्या नातीला घेऊन गेलो. प्रत्येक पिंजऱ्यापुढं तिचा एकच प्रश्न. ‘‘नाना, ह्याला इथं कोणी आणलं?’’ पेंग्विनचं मला सांगता आलं. २०१६ साली आठ पेंग्विन दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आले. ती म्हणाली, ‘‘त्यांना विचारलं होतं?’’

उत्तरादाखल मी तिला दगडी हत्तीपाशी नेलं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर तो उभा आहे. मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८१४मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली कुठं जोडले गेले. म्हणजे पन्नास वर्षं हत्ती नुसता तुकड्यांतच होता!

तिथून जवळच सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आहे. अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, १८७९मध्ये तो उभा राहिला. काळा घोडा चौकाला नाव त्याचंच. १९६५ साली राजाला घोड्यासकट इथं हलवलं. चौकात २०१७मध्ये नवा घोडा बसवला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही.

हत्ती न्यायला काढला होता, राजा नकोसा झाला होता, पेंग्विन हौसेनं मागवले. विचारलं कुणालाच नव्हतं. प्राणिसंग्रहालय ही मुळात सत्तेची हौस. दूरदूरचं जे जे आपल्या हाती आलं, ते एका कुंपणात मांडून दाखवायचं. पण त्याच कुंपणात गिरणगावातली बिऱ्हाडं रविवारी डबे घेऊन आली, नागपाडा-मदनपुऱ्यातल्या बायका मुलांना घेऊन आल्या. राणीची बाग त्यांनी आपली करून टाकली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मुलांना दोन्ही सांगायला हव्यात. नुसतं ‘तो बघ वाघ’ म्हणून पुढं सरकलो, तर पिंजरा हेच प्राण्याचं घर असं त्यांना वाटत राहील.

तेव्हा पुढच्या सुट्टीत पेंग्विनच्या रांगेत उभं राहण्याआधी दगडी हत्तीपाशी दोन मिनिटं थांबा. त्याच्या अंगावरचे सांधे मुलाला दाखवा. ‘हा असा का?’ हे ते आपणहून विचारील. तेव्हा खरं काय ते सांगा.