दुसऱ्या श्रेणीतला साक्षीदार

१९८६ सालच्या २९ जूनची रात्र माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. दूरदर्शनवर मेक्सिकोहून विश्वचषकाचा अंतिम सामना दिसत होता. शेजारपाजारचे लोक आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसले होते. पश्चिम जर्मनीने दोन गोलांची पिछाडी भरून काढली आणि सगळे हळहळले. तेवढ्यात मॅराडोनाने पुढे सरकवलेला चेंडू घेऊन होर्हे बुरुचागा एकटाच धावत सुटला. ३-२. अर्जेंटिना जगज्जेता. मॅराडोनाचे नाव तर सगळ्यांच्याच तोंडी होते, मी मात्र वहीत बुरुचागाचे नाव लिहून ठेवले होते.

सात वर्षांनी ते नाव पुन्हा भेटले. मी तेव्हा पुण्यात फ्रेंच शिकत होतो आणि क्रीडापानावरची फ्रान्सची बातमी आवर्जून वाचत असे. वालांसिएन नावाच्या कुठल्याशा क्लबातल्या तीन खेळाडूंना सामना सोडून देण्यासाठी पैसे देऊ केले गेले, त्यांत बुरुचागा एक, असे त्या बातमीत होते. बुरुचागाच्या नावापाशीच मी इतका अडखळलो, की तिसरे नाव वाचले न वाचल्यासारखे करून पुढे गेलो. ते नाव जाक ग्लासमन. पुढे या प्रकरणावरचे जे जे हाती लागले ते वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की मीच नव्हे, फ्रेंच फुटबॉलचा इतिहास लिहिणारेसुद्धा बहुधा हेच करतात. गोष्ट मार्सेपासून सुरू होते आणि मार्सेपाशीच संपते. ग्लासमन तिच्यात एका मध्यंतरापुरता येतो. मला ती त्याच्या बाजूने सांगायची आहे.

जाक ग्लासमनचा जन्म २२ जुलै १९६२ रोजी अल्सास प्रांतातल्या मुलूज येथे झाला. खेळायचा बचावफळीत. स्ट्रासबूर या मोठ्या क्लबात तो घडला, मग गावच्या मुलूज क्लबात आला, तिथून तूर आणि तिथून उत्तरेला बेल्जियमच्या सीमेजवळच्या वालांसिएनला. ही यादी वाचून फुटबॉलचा शौकीन फारसा थांबणार नाही. राष्ट्रीय संघ नाही, युरोपीय चषक नाही, विक्रमी बदली-रक्कम नाही. फ्रान्समध्ये अशा खेळाडूंची एक मोठी जमात आहे. पहिल्या श्रेणीच्या दाराशी येणारे, कधी आत शिरणारे, बहुतेक वेळ दुसऱ्या श्रेणीत घालवणारे. व्यावसायिक म्हणावेत इतका पगार, पण निवृत्तीनंतर बसून खावे इतका नाही. १९९३ पर्यंत तर ही दुसरी श्रेणी दोन गटांत विभागलेली होती, म्हणजे तिच्यातल्या अर्ध्या क्लबांशी तुमची वर्षभरात गाठच पडायची नाही. अशा जगात माणसे एकमेकांना ओळखतात ती एखाद्या मोसमात एकाच क्लबात असण्यातून. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

ग्लासमनचे आयुष्य समजून घ्यायचे तर या जमातीचा करार कसा असतो ते पाहिले पाहिजे. फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉलची पहिली साखळी १९३२ साली सुरू झाली. तेव्हापासून कित्येक दशके खेळाडू वयाच्या पस्तिशीपर्यंत क्लबाला बांधलेला असे. त्याला विकायचे, ठेवायचे की नुसते बसवून ठेवायचे हे मालक ठरवी. १९६१ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. १९६३ मध्ये रेमों कोपाने, म्हणजे त्या काळच्या फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या खेळाडूने, आम्ही गुलाम आहोत असे छापील मुलाखतीत म्हटले आणि त्याबद्दल कारवाई ओढवून घेतली. मे १९६८ मध्ये, सोर्बोनमध्ये विद्यार्थी होते तेव्हा, काही फुटबॉलपटूंनी पॅरिसमधले महासंघाचे कार्यालय ताब्यात घेतले. (मे ६८ वर आपल्याकडे एवढे लिहिले गेले, पण हे कुणी सांगितल्याचे मला स्मरत नाही.) त्यानंतर १९६९ मध्ये मुदतीचा करार आला. इतक्या वर्षांसाठी सही, मुदत संपली की खेळाडू मोकळा.

हा विजय होताच. पण मोकळे होणे दोन्ही बाजूंनी असते. ज्याच्या दारात चार क्लब उभे आहेत त्याला मुदत संपणे म्हणजे पगारवाढ. तिशी ओलांडलेल्या, दुसऱ्या श्रेणीतल्या बचावपटूला मुदत संपणे म्हणजे फोनची वाट पाहणे. त्याला शिक्षा करायची तर बंदी घालावी लागत नाही, दंड करावा लागत नाही. कुणी फोन केला नाही की झाले.

वालांसिएन हे कोळसा आणि पोलादाचे गाव. त्या भागातली शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. क्लबाच्या मैदानाला नाव होते पहिल्या महायुद्धातला वैमानिक शार्ल नुंजेसर याचे, १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडायला निघाला आणि परत आला नाही तो. १९९२ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत चढला. उत्सव झाला असणार. पण वर्षभरात तो तळाशी धडपडत होता, आणि २० मे १९९३ रोजी त्याच्या मैदानावर सामना होता ऑलिंपिक मार्सेशी.

मार्सेचा मालक बेर्नार तापी. उद्योगपती, खासदार, काही काळ मंत्री, आदिदास कंपनीचा मालक. टीव्हीवर दिसला की लोकांनी आवाज वाढवावा असा माणूस. २६ मे रोजी म्युनिकमध्ये मार्सेची गाठ मिलानशी होती, युरोपच्या अजिंक्यपदासाठी. तोवर एकाही फ्रेंच क्लबाने ते जिंकलेले नव्हते. सहा दिवस आधीच्या या सामन्यात देशांतर्गत अजिंक्यपदाचे गुण तर हवे होते, पण कुणी जायबंदी व्हायला नको होते.

१९ मेच्या रात्री मार्सेचा खेळाडू जाँ-जाक एदेली याने वालांसिएनच्या तिघांशी संपर्क साधला. हे तिघेच का? बुरुचागा आणि क्रिस्तोफ रोबेर हे नांत क्लबात एदेलीचे सहकारी होते. ग्लासमन तूरमध्ये. वर म्हटले ते हेच: या जगातली ओळख म्हणजे एकत्र घालवलेला मोसम. फोनवर मार्सेचा व्यवस्थापक जाँ-प्येर बेर्नेसही बोलला. मागणी होती ‘लव्हे ल प्ये’. शब्दशः अर्थ ‘पाय उचलणे’. गाडी चालवताना वेग कमी करण्यासाठी पाय उचलतात तसा. फ्रेंच माणूस हे दिवसातून दहा वेळा म्हणेल, जरा दमाने घे म्हणताना. मला हा वाक्प्रयोग आमच्या वर्गात याच अर्थाने शिकवला होता. हरा असे कुणी म्हणत नव्हते; नाहीतरी हरणारच आहात, तर जरा सोसवेल असे खेळा. भ्रष्टाचाराची भाषा बहुधा अशीच मवाळ असते, आणि आपण तिला तितकेच मवाळ उत्तर द्यावे अशी तिची अपेक्षा असते.

ग्लासमन नाही म्हणाला. इथवर कथा साधी आहे, आणि इथेच थांबली असती तर त्याचे काहीच बिघडले नसते. नाही म्हणून गप्प बसणारे प्रत्येक काळात बरेच असतात आणि ते सुखाने निवृत्त होतात. त्याने ते प्रशिक्षक बोरो प्रिमोरात्सला सांगितले. सामना सुरू झाला, विसाव्या मिनिटाच्या आसपास बोक्शिचने मार्सेसाठी गोल केला, रोबेर पहिल्या अर्धातच दुखापत दाखवून बाहेर गेला. मध्यंतरात वालांसिएनने पंचांकडे आक्षेप नोंदवला. मार्सेने सामना १-० असा जिंकला. सहा दिवसांनी म्युनिकमध्येही १-०, बाझिल बोलीच्या डोक्याने. सारा फ्रान्स रस्त्यावर आला.

ज्या देशाला पहिल्यांदा युरोपचा चषक मिळाला आहे, त्या देशात त्याच आठवड्यात दुसऱ्या फळीतला एक तीस वर्षांचा बचावपटू उभा राहून सांगतो की आधीच्या सामन्याआधी आम्हाला पैसे देऊ केले होते, हे आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. त्याच्या बाजूला पुरावा काय? त्याचा शब्द. समोर तापी. त्याला खोटारडा ठरवणे सोपे होते आणि प्रयत्न झालेही.

मग लीगने फिर्याद दिली आणि प्रकरण वालांसिएनच्याच न्यायव्यवस्थेकडे आले. सरकारी वकील एरिक द मोंगोल्फिए याने ते लावून धरले. जूनमध्ये रोबेरच्या एका नातेवाइकाच्या बागेत पुरलेले पाकीट सापडले: २,५०,००० फ्रँक. एदेलीने कबुली दिली. पुढे बेर्नेसनेही. मार्सेचे १९९३ चे राष्ट्रीय अजिंक्यपद काढून घेतले गेले आणि ते आजतागायत कुणालाच दिलेले नाही. त्या वर्षाची जागा रिकामी आहे. १९९४ मध्ये मार्सेला दुसऱ्या श्रेणीत उतरवले. युरोपचा चषक मात्र त्यांच्याकडेच राहिला. १९९५ मध्ये खटला चालला. अपिलात तापीला दोन वर्षांची शिक्षा झाली, त्यातली आठ महिने प्रत्यक्ष तुरुंगवासाची, आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये तो पॅरिसच्या तुरुंगात दाखल झाला. रोबेर आणि बुरुचागा यांना सहा-सहा महिन्यांची निलंबित शिक्षा झाली. माझ्या वहीतल्या नावाचे असे झाले.

एवढे सगळे झाल्यावर ग्लासमन खरा ठरला होता. आता त्याच्या मागे जाऊ.

१९९३ च्या मोसमाअखेर वालांसिएन दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. ग्लासमन त्याच्याबरोबर गेला. ज्या ज्या मैदानावर संघ गेला तिथे त्याला शिट्ट्यांना आणि शिव्यांना तोंड द्यावे लागले. मार्सेच्या पाठीराख्यांनी असे केले असते तर समजण्यासारखे होते. पण ज्यांचा मार्सेशी काडीचा संबंध नव्हता त्या गावांतले प्रेक्षकही हेच करत होते. यावर मी बराच विचार केला आहे. मला वाटते, त्यांचा राग पैशावर नव्हता, पैशाविषयी त्यांना अंदाज होताच. ड्रेसिंग रूममधली गोष्ट बाहेर नेली, हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. दुसऱ्या श्रेणीतल्या गावांत, जिथे क्लब हीच गावाची अब्रू असते, हा नियम अधिकच कडक असावा.

त्यानंतर वालांसिएन आणखी एक पायरी खाली गेला, आणि ग्लासमनला कुठल्याही व्यावसायिक क्लबाने बोलावले नाही. बंदी नव्हती. उलट ज्यांनी पैसे घेतले वा घ्यायचे कबूल केले त्यांच्यावर बंदी होती, त्याच्यावर नव्हती. १९६९ च्या कराराने त्याला दिलेले स्वातंत्र्य त्याच्याकडे पूर्णपणे शाबूत होते. तो वालांसिएनजवळच्याच मोबझ या छोट्या गावाच्या हौशी संघात खेळला. मग आणखी दूर गेला. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, फ्रान्सच्या मालकीचे रियुनियन नावाचे बेट आहे. पॅरिसपासून नऊ हजार किलोमीटरहून अधिक. तिथल्या स्थानिक साखळीत खेळून त्याने बूट काढून ठेवले. स्ट्रासबूरमध्ये सुरू झालेली कारकीर्द अशी एका ज्वालामुखी बेटावर संपली.

वय झाले होते, नाहीतरी दोन-तीन वर्षेच उरली होती, असे कुणी म्हणू शकेल. म्हणणारे म्हणालेही असतील. पण खालच्या श्रेणीतल्या खेळाडूची शेवटची दोन-तीन वर्षे म्हणजेच त्याची बचत. आणि हे एकट्याच्या बाबतीत घडले असेही नाही. तापीविरुद्ध साक्ष देणाऱ्या प्रिमोरात्सलाही फ्रान्समध्ये काम मिळाले नाही. त्याला सोबत घेतले ते आर्सेन वेंगरने, आधी जपानमध्ये नागोयाला आणि मग लंडनमध्ये आर्सेनलला. त्या मोसमात वेंगर मोनाकोचा प्रशिक्षक होता आणि मार्सेच्या मागे धावून दमलेल्यांपैकी एक होता, हे ध्यानात घेतले की त्या मैत्रीचा अर्थ उलगडतो. प्रशिक्षकाला परदेश असतो. तिशीपलीकडच्या बचावपटूला मोबझ असते.

१९९५ मध्ये फिफाने ग्लासमनला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. त्या वर्षी त्याला पगारी खेळाडू म्हणून ठेवणारा एकही क्लब फ्रान्समध्ये नव्हता.

वालांसिएन क्लबाचे १९९६ मध्ये दिवाळे निघाले. हौशी संघांच्या श्रेणीतून तो पुन्हा वर आला आणि २००६ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला. त्याला वर आणणारा आघाडीपटू स्तीव्ह साविदाँ हासुद्धा आपल्या याच जमातीतला: अँजे, शातोरू, आजाक्सियो, बोवे, अँगुलेम अशी मुशाफिरी केलेला. तिशीत त्याला फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात एक, फक्त एक, सामना मिळाला. २००९ मध्ये मोनाकोला जाताना वैद्यकीय तपासणीत हृदयातला दोष सापडला आणि खेळ संपला. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. नुंजेसर मैदान आता वापरात नाही, २०११ मध्ये नवे उभे राहिले.

तापी मंचावर, चित्रपटांत, पुन्हा व्यवसायात आणि पुन्हा न्यायालयांत दिसत राहिला. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी तो वारला तेव्हा मार्सेच्या लोकांनी मैदानावर त्याला निरोप दिला. त्यात खोटे काही नव्हते. त्यांना त्याने युरोपचा चषक दिला होता. त्या आठवड्यात फ्रेंच लेखांमध्ये मी ग्लासमनचे नाव शोधत होतो. सापडले, बहुतेक ठिकाणी एका वाक्यात.

रियुनियनहून परतल्यावर त्याने नोकरी धरली ती १९६१ साली स्थापन झालेल्या त्याच खेळाडू संघटनेत. तिथले त्याचे काम म्हणजे ज्यांची मुदत संपत आली आहे, संपली आहे, ज्यांचा फोन वाजत नाही, अशा खेळाडूंना भेटणे आणि फुटबॉलनंतर काय करता येईल ते त्यांच्याबरोबर बसून पाहणे. त्यासाठी तो गावोगावच्या क्लबांत जात असे, दुसऱ्या श्रेणीतल्याही.