वेशीच्या आतलं ईम

सन १६६६, ऑगस्ट महिना. इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या ईम गावात तुम्ही उभे आहात. चर्चशेजारच्या या दगडी घरात गेल्या सप्टेंबरात शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स दगावला. लंडनहून आलेलं दमट कापड त्याने शेकोटीपाशी वाळत घातलं होतं. त्यातल्या पिसवांनी प्लेग आणला, असं पुढे लोक सांगतील. आज मात्र पिसवांवर कोणाचाच संशय नाही.

रविवार आहे, पण चर्च बंद. गावकऱ्यांच्या मागोमाग तुम्ही ककलेट डेल्फच्या दरीत उतरता. प्रत्येक कुटुंब गवतावर वेगळं, अंतर राखून उभं आहे. बोलतो आहे विल्यम मॉम्पेसन, तिशीही न गाठलेला धर्मगुरू. त्याच्या आधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली याला धार्मिक मतभेदांमुळे पद सोडावं लागलं होतं. तरी जूनमध्ये दोघांनी मिळून गावाला विनवलं : वेशीबाहेर कोणी जायचं नाही. इथे पहाऱ्याला शिपाई नाहीत. वेस राखतो आहे तो दिलेला शब्द.

स्टोनी मिडलटनच्या वाटेवर सीमेचा दगड लागतो. त्याच्या भोकांत व्हिनेगर ओतलेलं, त्यात नाणी. पलीकडचे लोक भाकरी ठेवून पैसे उचलतात. चॅट्सवर्थहून डेव्हनशायरचा अर्लही धान्य पाठवतो. दोन पावलं टाकली की सुटका आहे. तरी माणसं इथूनच मागे वळतात.

पूर्वेला रायली शिवारात एलिझाबेथ हॅनकॉक कबर खणते आहे. आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं तिने स्वतःच्या हातांनी पुरली. आपापलं माणूस आपणच पुरायचं, हाही गावाचाच ठराव. महिनाअखेरीस मॉम्पेसनची पत्नी कॅथरीनही जाते. रुग्णांची सेवा करत ती त्याच्यासोबत गावातच राहिली होती. चर्चच्या आवारात, आठव्या शतकातल्या सॅक्सन क्रूसाजवळ तिची कबर आहे.

नोव्हेंबरात साथ थांबते. तोवर सुमारे २६० माणसं गेलेली असतात. शेजारच्या गावांवर हे संकट येऊ नये, म्हणून ही माणसं जागची हलली नाहीत. इंग्लंडला गेलात तर चॅट्सवर्थचा महाल जरूर पाहा, पण एक दिवस ईमसाठी राखून ठेवा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना होते; जमलं तर तिला हजर राहा.