प्रथिनसंश्लेषण : बीटी कापसातील

डीएनएमधील माहितीनुसार ॲमिनो अम्ले जोडून पेशीत प्रथिन तयार होण्याची प्रक्रिया. बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव परिसरात पिकणारा बीटी कापूस हे तिचे शेतीतील ठळक उदाहरण होय. या कापसात मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे क्राय१एसी जनुक घातलेले असते.

प्रक्रियेचे दोन मुख्य टप्पे आहेत. प्रतिलेखनात केंद्रकातील जनुकावरून संदेशवाहक आरएनए बनतो. भाषांतरणात रायबोसोम त्यावरील संकेत तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचतो. एकूण ६४ संकेतांपैकी ६१ संकेत २० ॲमिनो अम्लांसाठी, तर ३ साखळी थांबवण्यासाठी असतात. वाहक आरएनए योग्य ॲमिनो अम्ल आणून देतो. ही संकेतप्रणाली जवळजवळ सर्व सजीवांत समान असल्यामुळे जीवाणूचे जनुक कापसाच्या पेशीतही तेच प्रथिन घडवते. बोंडअळीने पान वा बोंड खाल्ल्यावर हे प्रथिन तिच्या आतड्यातील ग्राही प्रथिनांना चिकटते, आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते आणि अळी मरते.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या जनुकासह नवे वाण आले. मात्र गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली. तिच्या कॅडहेरिन या ग्राही प्रथिनाच्या जनुकात बदल होऊन सदोष आरएनए तयार होतो. त्यामुळे क्राय१एसीला चिकटण्यास योग्य जागा उरत नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे या अळीने मोठे नुकसान केले. म्हणून बिगरबीटी कापसाची आश्रय पेरणी, कामगंध सापळे आणि फरदड (हंगामानंतरही तेच पीक शेतात ठेवणे) टाळणे आवश्यक ठरते.