म्हातारा पोपट शिकतो का?

‘बुढ्ढे तोते कहीं पढ़ते हैं?’ ही म्हण आमच्या घरांत सर्रास ऐकू येते. साठीनंतर कुराण वाचायला शिकू पाहणारी नानी असो की मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकणारे चाचा, म्हण तयारच असते. ती कितपत खरी आहे, हे प्राण्यांवरच्या अभ्यासाच्या इतिहासात मला शोधावंसं वाटलं.

प्राणी दोन गोष्टींची सांगड कशी घालतात, याचा विचार इब्न सीना (980–1037) यांनी ‘किताब अल-शिफा’च्या आत्म्याविषयीच्या भागात केला आहे. मार खाल्लेला कुत्रा पुढे नुसती काठी दिसली तरी घाबरतो, कारण काठीचं रूप आणि वेदना त्याच्या स्मृतीत एकत्र बांधल्या जातात. या समजेच्या शक्तीला ते ‘वहम’ म्हणतात. आपल्या बोलण्यात मात्र वहम म्हणजे निव्वळ भ्रम उरला आहे.

सुमारे नऊशे वर्षांनी रशियात इव्हान पावलोव यांनी कुत्र्याच्या लाळेच्या थेंबांवरून हीच सांगड मोजली. पुढे 1960च्या दशकात अमेरिकेत इसिडोर गोर्मेझानो यांनी सशाच्या पापणीवर प्रयोग बसवले. आधी एक सूर वाजतो, मग डोळ्यावर हवेची हलकी फुंकर येते. काही दिवसांनी ससा फुंकर येण्याआधीच, सूर ऐकून पापणी मिटतो.

याच प्रयोगात वयाचा परिणाम स्पष्ट दिसला. म्हाताऱ्या सशांना तोच धडा शिकायला कितीतरी जास्त वेळा सूर आणि फुंकर द्यावी लागते. सूर थांबल्यावर क्षणभर शांतता ठेवून मग फुंकर दिली, तर अडचण आणखी वाढते. ती शांतता ओलांडून सूर लक्षात ठेवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो, आणि वयाबरोबर तिथल्या पेशींतलं कॅल्शियमचं नियमन बिघडतं. 1989 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉन डिस्टरहॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पेशींत शिरणारं कॅल्शियम रोखणारं निमोडिपिन हे औषध दिल्यावर वयस्क ससे लवकर शिकले.

सशाचा निकाल माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि हे काही म्हातारपणावरचं औषध नव्हे. पण त्यातून एक गोष्ट कळते. वयाबरोबर मंदावतो तो शिकण्याचा वेग; शिकण्याची क्षमता एका झटक्यात संपत नाही. शिवाय सगळे म्हातारे ससे सारखे मागे पडत नाहीत, काही तर तरुणांच्या बरोबरीने शिकतात.

म्हणून मला ती म्हण अन्यायाची वाटते. आपण दोनदा सांगून कंटाळतो आणि दोष वयाला देतो. ज्या नानींना लहानपणी तालीम मिळालीच नाही, त्यांना आज औषधाची नव्हे, तोच धडा न चिडता दहाव्यांदा सांगणाऱ्या माणसाची गरज आहे.