गळ्याला दिलेला सौम्य प्रवाह

गळ्याला सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा हा उपचार म्हणजे विजेचा झटका नव्हे. पक्षाघाताने गिळण्याचे स्नायू दुबळे झाले, तर हनुवटीखाली व स्वरयंत्राजवळ इलेक्ट्रोड चिकटवून सौम्य प्रवाह देतात आणि त्याच वेळी गिळण्याचा सराव करून घेतात. सरावाविना नुसत्या यंत्रावर भरवसा ठेवू नये. या उपचाराबद्दल संशोधनाचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. घरी जेवू घालतानाही जपायला हवे. जळगाव-धुळ्याकडे कळण्याच्या भाकरीचा घास अडला की घरचे प्रेमाने पाणी पाजतात. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेल्या रुग्णाला तेच घातक ठरू शकते, कारण पातळ पाणी चटकन श्वासनलिकेत शिरते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना ठसका लागत असेल किंवा नंतर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडून आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी.