गिधाडं मोजणाऱ्या माणसांची गोष्ट

परळमध्ये ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं की टॅक्सीवाला पुढचं काही विचारत नाही. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय हे त्याचं खरं नाव. इथेच १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आजची गोष्ट गुरांच्या एका साध्या वेदनाशामक औषधाची आहे, म्हणून सुरुवात परळहून.

हॉर्नबिल हाउस इथून काहीच मैलांवर, फोर्टात. तिथल्या बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या. १९९८-९९ मध्ये उरल्या २०. त्याशिवाय १९९१ ते ९३ दरम्यान देशभर ठरावीक रस्त्यांवरून गाडी चालवत, दिसलेला प्रत्येक शिकारी पक्षी नोंदवला गेला होता. तेव्हा गिधाडं कावळ्यांसारखी सगळीकडे होती. ती मोजून काय मिळणार, असं कुणालाही वाटलं असतं! पण २००० मध्ये गणना पुन्हा झाली, आणि घट ९० टक्क्यांच्या वर निघाली. जुनी वही नसती तर ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा’ एवढंच म्हणता आलं असतं, आणि तेवढ्यावर कुठलंही सरकार औषध बंद करत नाही.

सुरुवातीला संशय रोगावर होता. मेलेल्या गिधाडांच्या आतड्यांवर, काळजावर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे थर दिसायचे, म्हणजे मूत्रपिंड निकामी. पाकिस्तानच्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने विषाणू, कीटकनाशकं, जड धातू सगळं तपासलं. मग प्रश्न उलटा केला: गिधाडाचं अन्न म्हणजे मेलेली गुरं, तर त्या गुरांना काय टोचलं जातं? उत्तर होतं डायक्लोफिनॅक. २००४ च्या जानेवारीत हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

तरी एक आक्षेप उरतोच. एवढ्या मोठ्या देशात मरण्याआधी इंजेक्शन मिळालेली गुरं असतील किती? इथे मला खरी मजा येते. संशोधकांनी लोकसंख्येचं मॉडेल मांडलं. साधं करून सांगतो. समजा, गिधाड तीन दिवसांनी एकदा जेवतं, म्हणजे वर्षाला साधारण १२० जेवणं. पाचशेतलं एकच मढं विषारी धरलं, तरी वर्षभरात पाचातलं एक गिधाड त्याला सापडतं. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला हे झेपत नाही. मॉडेलचं उत्तर होतं, १३० ते ७६० मढ्यांमागे एक विषारी असलं तरी झालेली घट समजते. आणि प्रत्यक्षात? भारतभरातून मेलेल्या गुरांच्या यकृताचे १,८४८ नमुने तपासले, तर दहा टक्क्यांत डायक्लोफिनॅक!

यावर वाद संपायला हवा होता. पण शेतकऱ्याची गाय तापाने आडवी असताना ‘हे देऊ नका’ एवढं सांगून कसं भागेल? पर्याय हवा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे चाचण्यांतून दिसलं, आणि मे २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन परवाने काढून घ्यायचा आदेश निघाला. माझ्या मते निर्णय व्हायला आकड्यांइतकीच या पर्यायाची मदत झाली.

उशीर मात्र झालाच. २००७ च्या गणनेत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ च्या हजारात एक इतकीच उरली होती. पळवाटही होती: माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जायच्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरवर आणली गेली. गाईला पुरेल एवढा डोस द्यायचा तर एकामागून एक कुप्या फोडत बसावं लागतं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही दोन औषधंही गुरांसाठी बंद झाली.